अंगणातल्या अळ्या आणि घरचा कुत्रा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत खारघर, नेरूळ भागात ज्या मोठ्या सोसायट्या आहेत, त्यांतल्या अनेकांच्या मागच्या कुंपणाशी ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे खड्डे किंवा पेट्या असतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आपल्या आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. जिथे सडणारा भाजीपाला आहे तिथे अळ्या येणारच, आणि जिथे अळ्या आहेत तिथे सकाळी फिरायला नेलेला कुत्रा साखळी ताणून नाक खुपसणारच. घरात महागडे खाद्य समोर ठेवले तरी तोंड फिरवणारा हा प्राणी खड्ड्याच्या काठावरची वळवळणारी अळी मात्र मिटक्या मारत का खातो, ती त्याला बाधते का, आणि त्याला अडवावे की खाऊ द्यावे, असे प्रश्न मग मालकांना पडतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच आश्वासक आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याने नेमके काय खाल्ले आणि कुठे खाल्ले, यावर अवलंबून आहे.

आधी या अळ्या कोणाच्या, ते पाहू. खताच्या पेटीत सर्वाधिक आढळणारी करडी-तपकिरी, चपटी, खरबरीत अळी बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची असते. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही आणि चावतही नाही. तिची अळी अवस्था कचरा खाण्यात जाते, आणि वाढ पूर्ण झाली की अळ्या गडद होऊन ओल्या ढिगातून बाहेर पडतात व कोष करण्यासाठी कोरडी जागा शोधत सरपटू लागतात. कुत्र्याला काठावर आयत्या मिळतात त्या याच, वाढीच्या शेवटच्या टप्प्यातल्या आणि चरबी साठवून बसलेल्या अळ्या. जुन्या शेणखताच्या किंवा कुजलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात मात्र याहून कितीतरी मोठी, बोटाएवढी जाड, पांढरी आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडते. ती गेंड्या भुंग्याची. कोकणातल्या नारळ बागायतदारांना या भुंग्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. तिच्याचसारखी, पण आकाराने लहान अळी हिरवळीच्या मुळाशी असते, तिला आपण हुमणी म्हणतो. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बोर, बाभूळ अशा झाडांचा पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढे पावसाळाभर मुळे कुरतडत वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या लॉनवर कुत्र्याने जागोजागी उकरून ठेवले असेल, तर माळ्याने कुत्र्यावर रागावण्याआधी त्या ठिकाणची माती चाळून पाहावी. बऱ्याचदा कुत्र्याने कीड शोधून दिलेली असते.

मातीखालची अळी त्याला कळते कशी, हे समजायला त्याच्या नाकाचा आवाका लक्षात घ्यावा लागतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या सुमारे ५० ते ६० लाख पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या, जातीनुसार, १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत असल्याचे सांगितले जाते. अळीच्या शरीरातून, तिच्या विष्ठेतून आणि ती कुरतडत असलेल्या मुळातून सतत काही ना काही वायुरूप द्रव्ये बाहेर पडत असतात, आणि ओल्या मातीतून ती वर येतात. कुत्र्यांच्या याच क्षमतेचा उपयोग करून त्यांना वाळवी आणि ढेकूण शोधण्याचे प्रशिक्षण दिले जाते, आणि खजुराच्या झाडाच्या बुंध्यात दडलेली सोंड्या भुंग्याची अळी हुडकण्यासाठीही कुत्रे वापरून पाहिले गेले आहेत. नाकाच्या जोडीला कान आहेतच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे, त्यामुळे पाल्याखालची बारीक खुडखुड आपल्याला शांतता वाटते तेव्हाही त्याला ऐकू येऊ शकते. एखादा कुत्रा मान तिरकी करून जमिनीकडे टक लावून उभा राहतो आणि मग अचानक पुढचे दोन्ही पाय आपटतो, त्यामागे बहुधा हेच असते.

कळले, तरी खायचे कशासाठी? आपल्या मनात कुत्रा म्हटला की लांडग्याचा वंशज, म्हणजे हरणामागे धावणारा शिकारी, असे चित्र असते, आणि त्यामुळे किडे खाणे हे त्याला शोभत नाही असे वाटते. प्रत्यक्षात श्वान कुळातले बहुतेक प्राणी मिळेल ते खाणारे आहेत. ठाणे खाडीच्या काठच्या खारफुटीत, नवी मुंबईच्या अगदी दाराशी, सोनेरी कोल्हे राहतात. उंदीर, खेकडे, मासे, फळे, खरकटे आणि किडे यांपैकी काहीही त्यांना वर्ज्य नाही. महाराष्ट्राच्या माळरानावरची खोकड भुंगे, टोळ आणि वाळवी मोठ्या प्रमाणात खाते. आफ्रिकेतल्या वटवाघळासारख्या कानांच्या खोकडाने तर वाळवीलाच मुख्य अन्न केले आहे आणि त्याला इतर श्वानांपेक्षा जास्त, म्हणजे ४६ ते ५० दात असतात, जेव्हा की आपल्या कुत्र्याला ४२ असतात. शिवाय कुत्रा माणसाजवळ राहू लागला त्याला किमान १५ हजार वर्षे झाली. या काळात तो वस्तीच्या कडेला पडलेले उष्टे-खरकटे पचवायला शिकला. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असल्याचे २०१३ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आले. पोळी पचवण्याची क्षमता ज्याने कमावली, त्याने किडा नाकारावा अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

अन्न म्हणूनही अळी वाईट नाही. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या वाळवलेल्या अळ्यांत ढोबळमानाने ४० टक्के प्रथिने आणि ३० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, अर्थात तिने काय खाल्ले यानुसार हे प्रमाण बदलते. युरोपात या अळीपासून बनवलेले कुत्र्यांचे खाद्य दुकानांत मिळते. कीटकांचे कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते आणि ते कुत्र्याला नीट पचत नाही, म्हणून विष्ठेत कधीकधी पंखांचे आणि पायांचे तुकडे तसेच्या तसे दिसतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घोंगावणारी पंखवाली वाळवी तर नवे वारूळ वसवायला निघालेली असल्यामुळे अंगात चरबी घेऊनच उडते. खाली पडलेली ती वाळवी कुत्र्याने चाटून पुसून खाल्ली तर त्याला एखाद-दुसरी उलटी होण्यापलीकडे सहसा काही होत नाही.

मात्र केवळ पोषण हे कारण पुरेसे नाही, कारण पोट भरलेला कुत्राही माशीवर झडप घालतो. श्वानांच्या शिकारीचा एक ठरलेला क्रम असतो: सावज हेरणे, त्यावर टक लावणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे आणि खाणे. माणसाने वेगवेगळ्या जाती घडवताना या क्रमातले काही टप्पे तीव्र केले आणि काही दाबून टाकले. मेंढपाळाचा कुत्रा टक लावतो आणि पाठलाग करतो, पण चावायचे टाळतो. टेरियर आणि डॅशहुंड जमीन उकरण्यात तरबेज असतात, कारण त्यांना त्याचसाठी निपजवले गेले. प्राण्याच्या दृष्टीने या क्रमातला प्रत्येक टप्पा स्वतःच सुख देणारा असतो, भूक त्यासाठी लागतेच असे नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दिवसातून दोनदा पाऊण तास बाहेर पडणाऱ्या कुत्र्याला हा सारा क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण करण्याची संधी मिळते ती फक्त किड्यांच्या बाबतीत, आणि तीही काही सेकंदांत. माझ्या मते शहरी कुत्र्यांच्या या सवयीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि त्याचा दोष कुत्र्याकडे जात नाही. लॅब्राडॉरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. भूक भागल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतल्या एका जनुकाचा काही भाग अनेक लॅब्राडॉरमध्ये गळालेला असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये तो बदल सापडला होता. अशा कुत्र्याला अळी काय आणि साबणाची वडी काय, सगळे तोंडात घालून पाहावेसे वाटते.

अंगात काहीतरी कमी असल्यामुळे कुत्रा किडे खातो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. संतुलित तयार खाद्यावर असलेल्या निरोगी कुत्र्याला ती सहसा लागू होत नाही. पण आपल्याकडे अजूनही अनेक घरांत कुत्र्याला दूध-पोळी किंवा दहीभात एवढेच देतात, आणि अशा आहारात प्रथिने खरोखरच अपुरी पडतात. तिथे कुत्रा बाहेर प्रथिने शोधत असेल, तर तो शहाणपणाच करतो असे म्हणावे लागेल. यापेक्षा महत्त्वाचा भेद किडा शोधणे आणि माती खाणे यांतला आहे. उकरून अळी उचलणारा कुत्रा निवडून खातो. माती, विटांचा चुरा, भिंतीचा गिलावा चाटणारा कुत्रा मात्र रक्तक्षयाने ग्रस्त असू शकतो. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास आढळतो आणि त्यात तांबड्या पेशी झपाट्याने कमी होतात. त्यामुळे माती चाटणाऱ्या कुत्र्याच्या हिरड्या फिकट दिसत असतील, तर किड्यांचा विचार बाजूला ठेवून रक्ततपासणी करून घ्यावी. पोटात जंत असणे, मधुमेह, स्वादुपिंडाचा विकार किंवा स्टेरॉइडची औषधे यांमुळेही भूक अवाजवी वाढते. ज्याने पूर्वी कधी किड्यांकडे पाहिलेही नाही, असा वयस्क कुत्रा अचानक अधाशासारखा मिळेल ते गिळू लागला, तर हा बदल पशुवैद्यांच्या कानावर घालण्याजोगा आहे. याउलट हवेत काहीही नसताना माशी पकडल्यासारखे तोंड मिटत राहणे ही वेगळीच तक्रार आहे. तिच्यामागे अपस्माराचा सौम्य प्रकार किंवा पोटाचा विकार असू शकतो. तसे दिसल्यास मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवावी, कारण दवाखान्यात गेल्यावर तो हे करून दाखवेलच याची खात्री नसते.

आता जंतांचा प्रश्न. खाल्लेली अळी पोटात जिवंत राहून तिचेच जंत होतात, ही भीती निराधार आहे. भुंग्याची किंवा माशीची अळी आणि आतड्यातला जंत हे प्राणिसृष्टीतले पूर्णपणे वेगळे जीव आहेत, आणि कुत्र्याच्या जठरातल्या तीव्र आम्लात अळीचे पचन होऊन जाते. पण काही जंत आपल्या आयुष्याचा एक टप्पा किड्याच्या शरीरात काढतात, आणि तो किडा खाल्ला की ते कुत्र्याच्या पोटात पोहोचतात. यांतला सर्वांत परिचित म्हणजे पिसवांतून येणारा पट्टकृमी. जमिनीवर पडलेली त्याची अंडी पिसवाची अळी खाते, ती मोठी होऊन कुत्र्याच्या अंगावर चढते, आणि अंग चावता-चावता कुत्रा ते पिसू गिळतो. मग काही आठवड्यांनी त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसू लागतात. गोळीने हा कृमी सहज जातो, परंतु पिसवा राहिल्या तर तो पुन्हा येतो. झुरळे, रातकिडे आणि भुंगे यांतून जठरात चिकटून बसणारा एक गोलकृमीही येऊ शकतो, ज्यामुळे कुत्र्याला वारंवार उलट्या होतात.

खरी सावधगिरी बाळगावी ती शेणकिड्यांबाबत. स्पायरोसर्का नावाच्या जंताची अंडी बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, ती विष्ठा खाणाऱ्या शेणकिड्याच्या अंगात त्या जंताची पिल्ले वाढतात, आणि तो किडा किंवा तो किडा खाल्लेली पाल वा कोंबडीची आतडी कुत्र्याने खाल्ली की संसर्ग होतो. ही पिल्ले जठराची भिंत भेदून रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून वर सरकत मुख्य धमनीपर्यंत जातात आणि अखेरीस अन्ननलिकेत गाठी करून राहतात. या साऱ्या प्रवासाला काही महिने लागतात, त्यामुळे किडा खाल्ल्याचा आणि आजाराचा संबंध मालकाच्या लक्षातही येत नाही. खाल्लेले तसेच्या तसे बाहेर येणे, लाळ गळणे, गिळताना त्रास आणि वजन उतरणे ही त्याची लक्षणे असून काही कुत्र्यांत या गाठींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. नेहमीच्या जंताच्या गोळीवर येथे भिस्त ठेवता येत नाही, निदानासाठी क्ष-किरण किंवा दुर्बीण तपासणी लागू शकते. हा जंत भारतात आढळतो. ज्या आवारात कुत्र्यांची विष्ठा उचलली जात नाही तिथे शेणकिड्यांना आणि या जंताला एकाच वेळी आसरा मिळतो, म्हणून फिरायला जाताना खिशात कागद किंवा पिशवी ठेवणे हा शिष्टाचारापुरता विषय राहत नाही. हृदयातल्या जंताबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. तो डास चावल्याने होतो, डास गिळल्याने होत नाही.

पावसाळ्यात भिंती-कुंड्यांवर चढणारी मोठी तपकिरी आफ्रिकन गोगलगाय हा किडा नव्हे, पण कुत्र्याला त्याचे काय? १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणलेली ही गोगलगाय आता देशभर पसरली आहे, आणि उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्ले तिच्या अंगात वाढू शकतात. कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लाच्या, शरीरात ती मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे जातात, आणि मागचे पाय लुळे पडणे, पाठीला हात लावताच केकाटणे असे प्रकार दिसतात. ऑस्ट्रेलियात हा आजार कुत्र्यांत अनेकदा नोंदला गेला आहे. गोगलगाय कुत्र्याला खाऊ देऊ नये, एवढे आपल्यासाठी पुरेसे आहे.

काही जीव स्वतःच विषारी असतात. पावसाळ्यात शेवग्याच्या बुंध्यावर थवे करून बसणारे केसाळ सुरवंट कुत्र्याने चाटले, तर त्यांचे केस जिभेत आणि हिरड्यांत रुततात, तोंडाला फेस येतो आणि ओठ सुजतात. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या पट्टेरी अळ्या त्या झाडातले हृदयावर परिणाम करणारे विष अंगात साठवतात. त्या इतक्या कडू असतात की कुत्रा बहुधा दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही. जास्वंदीच्या फुलांवर बसणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे भुंगे दाबले गेल्यास त्यांच्यातून फोड आणणारे द्रव्य निघते, आणि ते पोटात गेल्यास आतड्याला व मूत्रपिंडाला इजा करते. वाणी, म्हणजे ज्याला मुले पैसा म्हणतात, तो गुंडाळी करून बसलेला असला तरी त्याच्या अंगातून निघणारा स्राव तोंडाची आग करतो. खडबडीत पाठीचा भेक तोंडात धरला तरी अशीच लाळेची धार लागते, आणि त्याचे विष अधिक प्रमाणात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. मधमाशी किंवा गांधीलमाशी तोंडात चावली आणि घशाकडे सूज पसरू लागली, किंवा चावल्यानंतर लगेच उलटी-जुलाब होऊन कुत्रा कोलमडला, तर घरी वाट पाहत बसू नये.

या सर्वांपेक्षा मला अधिक धोकादायक वाटते ते आपण स्वतः टाकलेले विष. गोगलगायी मारण्यासाठी कुंड्यांत घातल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना चवदार लागतात आणि काही तासांतच थरथर, झटके व अंगाचा ताप भयंकर वाढणे सुरू होते. वाळवीसाठी वा हुमणीसाठी जमिनीत मिसळलेल्या क्लोरपायरिफॉससारख्या औषधांनी लाळ, अश्रू, उलट्या आणि स्नायूंची थरथर होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. त्यावर उपाय आहेत, पण ते दवाखान्यातच. झुरळाच्या जेलने मेलेले एखादे झुरळ गिळल्याने मोठी विषबाधा होण्याची शक्यता कमी, कारण त्यात औषधाची मात्रा अत्यल्प असते. परंतु औषध टाकलेल्या जागी उकरून अळ्या खाणारा कुत्रा अळीबरोबर मातीही गिळतो, आणि तिथे मात्रा अल्प राहत नाही. यासाठी सोसायटीत फवारणी कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणत्या औषधाची होणार आहे, हे सूचना फलकावर नावानिशी लिहिले जावे असा आग्रह कुत्रे पाळणाऱ्यांनी कार्यकारिणीकडे धरायला हवा. नुसते ‘पेस्ट कंट्रोल’ एवढे लिहून भागत नाही, कारण पशुवैद्यांना उताऱ्यासाठी औषधाचेच नाव लागते.

सवय पूर्ण मोडण्याच्या फंदात पडू नये, ती मोडत नाही. खताच्या पेटीला घट्ट झाकण आणि खड्ड्याला बारीक जाळी बसवली, तर अर्धे काम होते. जून ते ऑक्टोबर या काळात पहाटे आणि रात्री साखळी आखूड धरावी. ‘सोड’ हा शब्द घरातच, खाऊच्या बदल्यात, शिकवावा. तोंडात बोटे घालून किडा ओढून काढणाऱ्या मालकाचा कुत्रा पुढच्या वेळी तो न चावताच गिळून टाकायला शिकतो. पातळ सतरंजीत वा गवताच्या ढिगात खाऊ लपवून त्याला शोधू द्यावा, म्हणजे नाकाला आणि पंजांना काम मिळते. जंतनाशकाचे वेळापत्रक पशुवैद्यांच्या सल्ल्याने ठरवताना तो किडे खातो हे आवर्जून सांगावे. बाधल्याची शंका आली, तर तोंड खालच्या बाजूला झुकवून बाजूने पाण्याची हलकी धार सोडावी, पाणी घशात जाऊ देऊ नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय मात्र करू नये, कारण त्या मिठानेच कुत्र्याचा जीव धोक्यात येतो. खाल्लेल्या किड्याचा उरलेला भाग डबीत, किंवा निदान त्याचा आणि तो सापडला त्या झाडाचा फोटो, आणि औषध टाकलेले असल्यास त्याचे पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.